गडाला गड म्हणा!

मावळात इंजिनिअरिंग शिकायला आलेल्या मुलाला पहिल्याच पावसात दोन गोष्टी कळतात. एक, धुतलेले कपडे तीन दिवस वाळत नाहीत. आणि दोन, रविवारी होस्टेलवर कुणी म्हणजे कुणी थांबत नाही! शनिवारी रात्री मेसमध्ये ‘उद्या कुठं?’ एवढा एकच विषय. लोहगड, विसापूर, भाजे, तुंग, तिकोना, राजमाची... नावं पटापट पडतात. लातूरहून, अकोल्याहून, जळगावहून आलेला फर्स्ट इयरचा पोरगा नुसता मान डोलावतो. यातलं काय कुठल्या दिशेला आहे हे त्याच्या गावीही नसतं. पण ‘येतोस का?’ म्हटल्यावर ‘नाही’ कोण म्हणणार?

या पोरांसाठी आपल्या होस्टेलच्या ग्रुपवर एक नकाशा फिरायचा. कुणीतरी, कधीतरी, कुठल्यातरी फलकाचा मोबाइलवर काढलेला फोटो. मोठा करून बघावा तर अक्षरांची खिचडी. मळवली स्टेशन दिसायचं, पण भाज्याकडे उजवीकडे वळायचं की डावीकडे, ते नाही. कुठली जागा पावसात बंद असते, हे तर त्यावर असणंच शक्य नव्हतं.

आणि मित्रांनो, हा प्रश्न सहलीपुरता नाही. ३० जून २०२४ ला, रविवारी, भुशी धरणाच्या मागच्या बाजूच्या धबधब्यात एकाच कुटुंबातले पाच जण वाहून गेले. पुढच्याच वर्षी, १५ जून २०२५ ला, तोही रविवारच, इंदोरीजवळ कुंडमळ्याला इंद्रायणीवरचा जुना लोखंडी पूल गर्दी असताना कोसळला आणि चार जणांचा जीव गेला. दोन्ही जागा आपल्याला लोकलने जवळ. कुंडमळ्याच्या दुसऱ्या दिवशी मेसमध्ये कुणाचाच आवाज नव्हता. सगळ्यांच्या घरून फोन येऊन गेले होते. संध्याकाळी रेक्टर सर आमच्या रूमवर आले आणि म्हणाले, “तुम्ही कॉम्प्युटरवाले ना रे? मग या पोरांना एक धड नकाशा काढून देता येत नाही?”

त्या एका वाक्यापायी आमच्या रूमचे दोन महिने गेले. त्या दोन महिन्यांत जे शिकलो ते इथे सांगतो. ज्यांना वेब पेजवर बोलका नकाशा, सर्किट किंवा मशीनचं चित्र टाकायचं आहे त्यांना ते उपयोगी पडेल. बाकीच्यांनी अधलंमधलं सोडून वाचलं तरी चालेल, फक्त राखाडी रंगाचा भाग सोडू नये.

चित्र साठवायच्या रीती दोन. रांगोळी काढून झाल्यावर तिचा फोटो काढायचा, ही एक. ‘इथून इथपर्यंत रेघ, इथे गोल, त्यात हा रंग’ असं रांगोळीचं वर्णन लिहून ठेवायचं, ही दुसरी. फोटो कितीही चांगला असला तरी मोठा केला की ठिपके दिसायला लागतात. वर्णनावरून मात्र तीच रांगोळी वहीच्या पानावर काढा नाहीतर अख्ख्या अंगणात, रेघ स्वच्छच येते. या दुसऱ्या रीतीला व्हेक्टर ग्राफिक्स म्हणतात आणि वेबसाठी तिचं ठरलेलं रूप म्हणजे एसव्हीजी. वर्ल्ड वाइड वेब कॉन्सॉर्शियमने ४ सप्टेंबर २००१ ला ते अधिकृत केलं. पण इंटरनेट एक्सप्लोररला ते थेट समजायला २०११ सालची नववी आवृत्ती यावी लागली. आता मोबाइलपासून लॅबच्या पीसीपर्यंत सगळीकडे ते उघडतं.

एसव्हीजीची खरी गंमत म्हणजे ती साधी मजकुराची फाइल आहे. नोटपॅडमध्ये उघडली तर आत रेघा, गोल आणि आकार ओळीने लिहिलेले दिसतात. यातल्या प्रत्येकाला दोन तऱ्हांनी नाव देता येतं, आयडी आणि क्लास. आयडी म्हणजे आपला पीआरएन नंबर. एका फाइलमध्ये एक आयडी एकालाच. क्लास म्हणजे आपण ज्या ज्या गटात मोडतो ते. एकच मुलगा ‘कॉम्प्युटर’मध्ये असतो, ‘होस्टेल’वर असतो, ‘एनएसएस’मध्येही असतो. तसंच एका आकाराला हवे तेवढे क्लास देता येतात. मग स्टाइलशीटमध्ये, म्हणजे सीएसएसमध्ये, एक ओळ लिहायची : ‘धरण’ क्लासच्या सगळ्यांना निळा रंग. पवना, वळवण, भुशी, सगळी एका फटक्यात निळी!

आयडी आणि क्लास यांत फरक का करायचा, ते मावळातल्या माणसाला वेगळं सांगायला नको. आपल्याच तालुक्यात कुसगाव बुद्रुक आहे आणि कुसगाव खुर्दही आहे. नुसतं ‘कुसगाव’ म्हणून रिक्षात बसलात तर कुठे उतराल ते तुमचं नशीब! नाव एकमेव असावं म्हणून गावांनासुद्धा शेपूट लावावं लागलं. पवन मावळ, नाणे मावळ, आंदर मावळ हे मात्र क्लास. त्यात शेकडो गावं सुखाने नांदतात.

इथवर सगळं पुस्तकी. गाडं अडतं ते चित्र ‘एक्स्पोर्ट’ करताना. आम्ही नकाशा इंकस्केपमध्ये काढला. फुकट आहे, २००३ पासून चालत आलेलं मुक्त सॉफ्टवेअर आहे आणि लॅबच्या जुन्या मशीनवरही चालतं. स्क्रीनवर नकाशा देखणा दिसत होता. पेजवर टाकला तेव्हाही दिसला. पण स्टाइलशीटमध्ये ‘गड तपकिरी’ लिहिलं तरी एकही गड आपला रंग सोडीना!

कारण असं, की एसव्हीजीत रंग तीन ठिकाणी लिहिलेला असू शकतो आणि तिघांचा मान सारखा नसतो. होस्टेलच्या भाषेत सांगतो. आकाराला चिकटवलेला साधा गुणधर्म, ज्याला प्रेझेंटेशन अ‍ॅट्रिब्यूट म्हणतात, तो म्हणजे सीनियर मुलांनी तोंडी सांगितलेला रिवाज. कुणी काही म्हटलं नाही तर तो चालतो. क्लासवर लिहिलेला नियम म्हणजे नोटीस बोर्डावरची नोटीस. ती लागली की रिवाज गुंडाळला जातो. आणि आकाराच्या अंगावर ‘स्टाइल’ म्हणून लिहिलेला रंग म्हणजे रेक्टर सरांनी सही करून हातात दिलेली चिठ्ठी. चिठ्ठीपुढे नोटिशीचं काही चालत नाही! इंकस्केप सहसा प्रत्येक आकाराच्या हातात अशी चिठ्ठी देतं. ते बरोबरच आहे, कारण चित्र कुठेही नेलं तरी जसंच्या तसं दिसावं ही त्याची जबाबदारी. पण ज्याला चित्र पेजवर हलतं-बोलतं करायचं आहे त्याने या चिठ्ठ्या आधी गोळा करून घ्याव्यात. ‘इंपॉर्टंट’चा शेरा मारून नोटिशीला चिठ्ठीच्या वर बसवता येतं. पण प्रत्येक नोटिशीवर प्राचार्यांची सही घ्यायला लागलो तर उद्या त्या सहीलाही कुणी विचारणार नाही.

चिठ्ठ्या काढायची सोपी युक्ती अशी. फिल अँड स्ट्रोकच्या खिडकीत प्रश्नचिन्हाचं एक बटण असतं. ते दाबलं की आकाराचा स्वतःचा रंग काढून घेतला जातो आणि तो ज्या ग्रुपमध्ये आहे त्याचा रंग घेतो. आकार क्षणभर काळा झाला तर घाबरायचं नाही. मग शिफ्ट, कंट्रोल आणि एक्स दाबून एक्सएमएल एडिटर उघडायचा आणि ग्रुपला क्लास द्यायचा. एकेका ठिपक्याला रंग देत बसण्यापेक्षा ग्रुपला एकदाच दिलेला बरा.

सेव्ह करतानाही दोन प्रकार दिसतात, इंकस्केप एसव्हीजी आणि प्लेन एसव्हीजी. प्लेनमध्ये इंकस्केपची स्वतःची माहिती गळून जाते, त्यात आपण हौसेने दिलेली लेबलंही जातात. आयडी आणि क्लास टिकतात. म्हणून कामाची फाइल वेगळी आणि पेजवर चढवायची वेगळी, अशा दोन ठेवाव्यात. फाइल हलकी करणारी एसव्हीजीओसारखी हत्यारं वापरताना तर डोळे उघडे ठेवावेत. ती न वापरलेले आयडी निरुपयोगी समजून काढून टाकतात आणि उरलेल्यांची नावं एक-दोन अक्षरांवर आणतात. नावांना हात लावू नको, असं त्यांना आधीच बजावून ठेवावं लागतं.

डिझाइनवाले मित्र इलस्ट्रेटर वापरतात. तिथे एक्स्पोर्ट करताना स्टायलिंगचे तीन पर्याय समोर येतात : इंटर्नल सीएसएस, इनलाइन स्टाइल आणि प्रेझेंटेशन अ‍ॅट्रिब्यूट्स. वरची नोटीस, चिठ्ठी आणि रिवाज ती हीच. पेजवरून रंग बदलायचा असेल तर इनलाइन सोडून बाकी दोन्ही चालतात. पण इंटर्नल सीएसएस घेतलं की क्लासची नावं सॉफ्टवेअर स्वतः पाडतं, ‘सीएलएस-१’, ‘सीएलएस-२’ या धर्तीची. ती पडतात दिसण्यावरून. पवनेचं पाणी आणि स्टेशनची पाटी एकाच निळ्या रंगाची असेल तर दोघांना एकच नाव! उद्या पाणी गडद करायला जावं तर मळवली स्टेशनही बुडालं म्हणून समजा. शिवाय एकाच पेजवर अशी दोन चित्रं थेट बसवली, तर दोघांतही ‘सीएलएस-१’ असतो आणि नंतर आलेल्या चित्राचा नियम आधीच्यालाही रंगवून मोकळा होतो. मोठ्या कामात म्हणूनच नावाआधी चित्राचं नाव जोडतात. आडनाव लावल्यासारखं.

चित्र पेजवर ‘थेट’ बसवायचं, हेही महत्त्वाचं. साध्या इमेज टॅगमधून आणलेली एसव्हीजी काचेच्या कपाटातल्या ट्रॉफीसारखी असते. दिसते छान, हात लावता येत नाही. पेजच्या स्टाइलशीटला किंवा स्क्रिप्टला आत शिरू द्यायचं असेल तर एसव्हीजीचा मजकूर पेजच्या मजकुरातच ठेवावा लागतो. आणि व्ह्यूबॉक्स हा गुणधर्म सांभाळावा. तो गेला की मोबाइलवर नकाशा आकसत नाही, नुसता कापला जातो.

आता नावांकडे वळतो, कारण आमची खरी भांडणं तिथे झाली. एका रूममेटचं म्हणणं होतं, “सरळ ‘लाल’, ‘हिरवा’ असे क्लास करू ना! कशाला डोक्याला ताप?” पटण्यासारखं होतं. पण सप्टेंबरात पाऊस ओसरल्यावर बंद जागा उघडते. मग ‘लाल’ नावाचा क्लास हिरवा दाखवायचा का? पुण्यातला ‘नवा पूल’ शंभरी ओलांडून गेला तरी लोकांच्या तोंडी नवाच आहे. पुलाचं ठीक आहे, तो रागावत नाही. पण पुढच्या वर्षी आपली फाइल उघडणारा ज्युनिअर नक्की रागावेल. शेवटी ठरलं, की नाव दिसण्यावरून ठेवायचं नाही, ते काय आहे यावरून ठेवायचं. गडाला ‘गड’ म्हणायचं, लेण्यांना ‘लेणी’, ओढ्याला ‘ओढा’. आणि जागेची अवस्था सांगणारा क्लास वेगळा. सीएसएसमध्ये क्लासचं नाव देवनागरीत लिहिलेलं चालतं, त्यामुळे आमचे क्लास अस्सल मराठी आहेत.

या नियमाचं फळ लगेच मिळालं. काम अर्धवट असतानाच, जुलै २०२५ मध्ये, मराठा लष्करी स्थापत्याचे १२ किल्ले युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीत गेले. त्यात आपला लोहगड! आम्ही लोहगडाच्या ‘गड’ या क्लासपुढे एक जागा सोडून ‘वारसा’ हा शब्द लिहिला आणि ‘वारसा’ला सोनेरी कड दिली. विंचूकाट्याची रेघ पुन्हा काढावी लागली नाही. शेजारचा विसापूर ‘गड’च राहिला, त्याबद्दल विसापूरप्रेमींची माफी मागतो.

दुसरी गोष्ट शिकवली गेटवरच्या वॉचमन मामांनी. मामा इथलेच, पवन मावळातले. प्रिंट काढून दाखवली तर बोट ठेवून म्हणाले, “ह्यो वढा बारीक काढलाय तुमी. उन्हाळ्यात बरोबर हाय. पावसाळ्यात ह्योच वढा नदी असतो. सकाळी गुडघ्याएवढं पाणी बघून पलीकडं गेलेलं पोरगं दुपारी परत कसं यायचं?” या प्रश्नाला आमच्याकडे उत्तर नव्हतं, सीएसएसकडे होतं. सगळ्यांत बाहेरच्या एसव्हीजीला ‘पावसाळा’ असा क्लास द्यायचा आणि नियम लिहायचा, की ‘पावसाळा’च्या आतला जो ‘ओढा’ असेल त्याची रेघ चौपट जाड. एक बटण ठेवलं. ते दाबलं की बाहेरचा क्लास बदलतो आणि मावळातले सगळे ओढे एकदम फुगतात. ज्युनिअर मुलांना हे दाखवतो तेव्हा पहिल्यांदा हसतात, मग गप्प होतात.

तिसरी गोष्ट रंगाची. आमच्या मजल्यावरच्या एकाला लाल आणि हिरवा यांतला फरक नीट दिसत नाही. होस्टेलच्या ऑफिसातला प्रिंटर तर सगळं जगच काळं-पांढरं बघतो. मग नुसत्या लाल ठिपक्याने भागणार कसं? म्हणून प्रत्येक जागेचा एक ग्रुप केला : ठिपका, नाव आणि एक फुली. फुली एरवी लपवलेली. ग्रुपला ‘बंद’ हा क्लास लागला की ती दिसते. रंग कळो न कळो, फुली सगळ्यांना कळते.

नावांची अक्षरं आम्ही अक्षरंच ठेवली. डीटीपीवाले छपाईला देताना मजकुराचे आकार करून टाकतात, कारण समोरच्या मशीनवर फॉन्ट नसला तर घोटाळा होतो. पण आकार झालेलं ‘बेडसे’ शोधून सापडत नाही आणि वाचून दाखवणाऱ्या सॉफ्टवेअरला ते नाव म्हणून कळतही नाही. युनिकोडमध्ये लिहिलं, पेजबरोबर फॉन्ट दिला, की काम होतं. ग्रुपच्या आत टायटल म्हणून जागेचं नाव लिहिलं तर माउस नेल्यावर ते उमटतं. मोबाइलवर माउस नसतो, म्हणून तिथे बोट टेकवल्यावर माहिती येईल असं केलं.

आणि आता राखाडी रंग. नकाशा तयार झाल्यावर सरांनी विचारलं, “कुठली जागा बंद ते कोण ठरवणार? तुम्ही?” आम्ही एकमेकांकडे पाहिलं. भुशीच्या घटनेनंतर जिल्हाधिकाऱ्यांनी पर्यटनस्थळांवर बंदीचे आदेश काढले होते. तसे आदेश पावसानुसार निघतात, बदलतात. ते ठरवायचा अधिकार आम्हाला नाही आणि नसावाच. म्हणून जागांची यादी चित्रापासून वेगळी केली. एका साध्या फाइलमध्ये जागेचा आयडी आणि पुढे तिची अवस्था. आदेश आला की सर स्वतः एक शब्द बदलतात. त्यांना कोडिंग येत नाही, यायची गरजही नाही.

पण ज्या जागेबद्दल यादीत काहीच लिहिलेलं नाही, ती कुठल्या रंगात दाखवायची? पहिला विचार हिरवाच होता. बंद नाही म्हणजे खुली, असा साधा हिशेब. सर म्हणाले, “अरे, आपल्याला माहीत नाही म्हणजे धोका नाही असं होतं का?” त्या दिवसापासून ज्या जागेला अवस्थेचा क्लास नाही ती राखाडी. नकाशाच्या कोपऱ्यात ठळक अक्षरांत लिहिलंय : ‘राखाडी म्हणजे आम्हाला माहीत नाही. विचारून जा.’ कॉम्प्युटरला काही सांगितलं नाही तर तो काहीतरी गृहीत धरतोच. एसव्हीजीत रंग सांगितला नाही तर तो काळा धरतो, म्हणून आकार काळे होतात. न सांगितलेल्या ठिकाणी काय दिसावं, हे माणसाने ठरवायचं असतं. अख्ख्या नकाशातली सगळ्यांत मोलाची ओळ मला तीच वाटते.

नकाशाने पाणी अडत नाही, हेही कबूल. फुली बघूनसुद्धा जाणारे जातात. ऑगस्टातल्या एका शनिवारी मात्र मेसच्या टेबलावर एक फर्स्ट इयरचा मुलगा मोबाइल पुढे करून सीनियर मुलांना म्हणाला, “दादा, इथं फुली आहे. कार्ल्याला जाऊया का?” थोडा वेळ टिंगल झाली. रविवारी गेले मात्र कार्ल्यालाच.

पुढच्या वर्षी आम्ही प्रोजेक्ट, प्लेसमेंट आणि पुढच्या वाटांना लागू. नकाशा ज्युनिअर मुलांच्या हाती जाईल. त्यांना रंग आवडले नाहीत तर त्यांनी खुशाल बदलावेत, एका ओळीचं काम आहे. नवी वाट सापडली तर घालावी, मामांना विचारून घालावी. नावं मात्र जपावीत. आणि राखाडी रंग माहिती मिळाल्यावरच काढावा.

(तृतीय वर्ष, संगणक अभियांत्रिकी)